कुर्डूच्या तुऱ्याची धास्ती आणि न झालेली मोजणी

तालुका प्रशासनातील संबंधित अधिकाऱ्यांस खुले पत्र

स. न. वि. वि.

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला, जिथे एका अंगाला केळीचे मळे आणि दुसऱ्या अंगाला कोरडवाहू कापूस-ज्वारी असते, अशा एका गावात मी राहतो. महाविद्यालयात ३१ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. आता सकाळी बांधाबांधाने हिंडणे आणि दिसेल ते रोपटे जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवणे एवढाच उद्योग उरला आहे. गेल्या सप्टेंबरात आपल्या सूचनेवरून दोन गोष्टी झाल्या. आमच्या शिवारातल्या एका बांधावर वेडीवाकडी वाढलेली कुर्डू या रानभाजीची झाडे तणनाशक फवारून नष्ट करण्यात आली. आणि त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी रानभाजी घेऊन आलेल्या बायकांना ‘ही रेडिएशनची भाजी आहे’ असे सांगून उठवण्यात आले. या दोन्हींबाबत मी दोन अर्ज दिले. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही, आणि उत्तर एकाचेही आले नाही. म्हणून हे तिसरे पत्र आपल्याबरोबर सर्वांनाच वाचायला देत आहे.

ज्यांना मागची हकिगत ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. गेल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या शिवारातून जमिनीखालून जाणाऱ्या पोलादी पाइपलाइनचे काम झाले. दोन पाइप जिथे वेल्डिंगने जोडतात त्या सांध्यात पोकळी किंवा चीर राहिली नाही ना, हे पाहण्यासाठी गॅमा किरणांनी सांध्याची छायाचित्रे घेतात. दवाखान्यात हाडाचा एक्स-रे काढतात तसा हा पोलादाचा एक्स-रे. अशा कामासाठी इरिडियम-१९२ या किरणोत्सारी पदार्थाची लहानशी गोळी जाड कवचाच्या पेटीत ठेवून वापरण्याची पद्धत आहे. तपासणी रात्री चाले. दोऱ्या बांधून गाडरस्ता अडवला जाई आणि दोरीला तीन पात्यांचे चिन्ह असलेली पिवळी पाटी लटकत असे. ते चिन्ह कशाचे, हे गावात कोणी कोणाला सांगितले नाही. शाळेतल्या मुलांनी ते पंख्याचे चित्र समजून खडूने भिंतीवर काढले होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

कामगार गेले, चर बुजला, पाऊस झाला. भाद्रपदात कुर्डू तुऱ्यावर आली तेव्हा त्या चराजवळच्या बांधावर काही झाडे निराळीच दिसू लागली. खोड गोल न राहता दोन बोटे रुंद पट्टीसारखे चपटे झालेले, त्यावर उभ्या शिरा, पाने दाटीवाटीने एकावर एक, आणि शेंड्याला नेहमीच्या निमुळत्या रुपेरी-गुलाबी कणसाऐवजी कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दुमडलेली झालर. एका तरुणाने मोबाइलवर चित्रण केले. त्यात कुर्डूबरोबर दुसऱ्या शेतातले फुलांऐवजी हिरव्या पानांचे झुबके आलेले तिळाचे झाड आणि फोडांनी भरलेली करंजाची पानेही घातली, आणि पाइपलाइनच्या किरणांनी झाडे बदलली, आता माणसे बदलतील, अशा अर्थाची ओळ वर लिहून ते सगळीकडे पाठवले. दोन दिवसांत ते तीन तालुक्यांत फिरले. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी अंगणातून हाक मारून मला विचारू लागल्या, “गुरजी, आते हाई भाजी खावानी का नही?”

त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे माझ्या जन्मभराच्या कामाचा भाग होते आणि मला ते छातीठोकपणे देता आले नाही, ही माझी पहिली अडचण. दुसरी अधिक जिव्हाळ्याची आहे. बाजारातून उठवलेल्या बायकांत वरच्या पाड्यावरची एक पावरा बाई होती. गेली कित्येक वर्षे ती माझ्यासाठी डोंगरातून रोपे आणते, आणि या भागातल्या वनस्पतींची जी नावे मला कोणत्याही ग्रंथात सापडली नाहीत त्यांतली निम्मी मी तिच्याकडून शिकलो. त्या दिवशी ती कटुर्ल्यांची भरलेली टोपली घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. काही बोलली नाही. निघताना अर्धी कटुर्ली माझ्या दारात ठेवून गेली आणि पैसे घ्यायला तयार झाली नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. कुर्डू आणि बागेतला कोंबडा ही एकाच जातीची दोन रूपे आहेत. कोंबड्याचा जो मखमली तुरा आपण हौसेने कुंडीत लावतो, ती वस्तुतः कुर्डूच्या कणसाची बिघडलेली वाढ आहे. माणसाला ती आवडली, त्याने तिचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखले आणि बिघाड वंशात पक्का झाला. वनस्पतिशास्त्रात या प्रकाराला फॅसिएशन म्हणतात. रोपाच्या शेंड्याशी सतत विभागणाऱ्या पेशींचा एक इवलासा ठिपका असतो आणि सारी उभी वाढ तिथून होते. काही कारणाने हा ठिपका पसरून रेघ झाला की गोल खोडाऐवजी पट्टी तयार होते. कारणे अनेक आहेत: आनुवंशिक दोष, विशिष्ट जिवाणूंचा संसर्ग, कीड, शेंड्याला झालेली इजा, वाढीच्या संप्रेरकांसारखे काम करणारी तणनाशके, आणि किरणोत्सर्गही. खूण एक आणि कारणे अनेक असल्यामुळे नुसते झाड पाहून कोणीही, मीसुद्धा, निदान करू नये. माझ्या संग्रहात १९८९ साली याच तालुक्यात, नाल्याकाठी, मीच गोळा केलेला चपट्या खोडाच्या कुर्डूचा एक नमुना आहे. त्या वेळी इथे पाइपलाइन नव्हती आणि माझ्या माहितीत कुठलाही किरणोत्सारी स्रोतही नव्हता.

किरणोत्सर्गाने रानातल्या झाडांची वाढ बिघडते, ही गोष्ट मात्र खरी आहे आणि ती दडवून लोकांना शांत करणे मला मान्य नाही. चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी अणुभट्टीचा स्फोट झाला, तेव्हा जवळच्या पाइनच्या जंगलावर इतका किरणोत्सारी कचरा पडला की झाडे मेली आणि तांबूस पडली. त्या पट्ट्याला आजही लाल जंगल म्हणतात. थोड्या अंतरावर जी झाडे जगली त्यांचे शेंडे खुंटले, सुया अवाजवी लांब किंवा आखूड झाल्या, आणि सरळ वाढणारी पाइन झुडपासारखी पसरली. त्याआधी, १९६१ पासून, अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने ओक-पाइनच्या एका जंगलात सीझियम-१३७ चा मोठा स्रोत मुद्दाम ठेवून पाहिले होते. आधी पाइन मेली, मग ओक, मग झुडपे, आणि स्रोताच्या सर्वांत जवळ शेवटपर्यंत तग धरून राहिली ती लव्हाळ्याच्या कुळातली एक साधी वनस्पती. कोणती जात किती सोसते यातला हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. चिवट तण वाकडे होते आणि आसपासची नाजूक झाडे मात्र सुखरूप राहतात, असे चित्र दिसले तर किरणोत्सर्गाखेरीज दुसरे कारण आधी शोधायला हवे.

जपानमधल्या दोन गोष्टी तर आमच्या प्रकरणाशी थेट ताडून पाहाव्यात अशा आहेत. फुकुशिमाचा अपघात मार्च २०११ मधला. त्यानंतर संशोधकांनी फर वृक्षांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अणुवीज केंद्राजवळच्या ओकुमा येथे, जिथे मात्रा तासाला ३३.९ मायक्रोग्रे होती (ग्रे हे शोषल्या गेलेल्या किरणांचे माप, मायक्रोग्रे त्याचा दहा लाखावा भाग), ९७ टक्क्यांहून अधिक झाडांच्या मुख्य खोडात दोष आढळले, म्हणजे शेंडा नाहीसा होऊन खोडाला फाटे फुटलेले. तुलनेसाठी निवडलेल्या दूरच्या ठिकाणी मात्रा तासाला ०.१३ मायक्रोग्रे होती आणि तिथेही सुमारे ६ टक्के झाडांत असेच दोष होते. मात्रा वाढते तसे दोष वाढतात हे दाखवूनही, कारण निश्चित करायला आणखी प्रयोग हवेत, असे त्या संशोधकांनी लिहून ठेवले. दुसरी गोष्ट त्याच वर्षीची आहे. फुकुशिमापासून शंभरेक किलोमीटरवरच्या नासुशिओबारा गावातल्या जोडफुलांच्या डेझीचे छायाचित्र जगभर फिरले आणि ‘किरणोत्सर्गाची फुले’ म्हणून गाजले. प्रत्यक्षात ते फॅसिएशनच होते, आणि तसे ते अपघाताशी काही संबंध नसलेल्या बागांतही दिसते. पहिल्या गोष्टीत माणसे मीटर घेऊन रानात गेली, शेकडो झाडे मोजली, तुलनेसाठी दूरची जागा निवडली. दुसऱ्या गोष्टीत एक छायाचित्र होते. आपण आमच्याकडे दुसऱ्या वाटेने गेलात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर या कुर्डूचा दोष किरणांकडे जात नाही असे मला वाटते, आणि त्याची कारणे साध्या हिशेबाची आहेत. कुर्डू ही पावसाळी वनस्पती. मार्चमध्ये तिथे झाडे नव्हती, मातीत कोरडे बी होते. कोरडे बी फार चिवट असते. नवे वाण काढण्यासाठी शास्त्रज्ञ बियाण्यावर गॅमा किरण सोडतात तेव्हा बहुतेक पिकांसाठी मात्रा शेकडो ग्रेची लागते. माणसाच्या सर्वांगाला एकदम ४ ते ५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. म्हणजे बांधावरच्या बियाण्यात बदल घडेल एवढा मारा झाला असता तर त्या रात्री दोरी धरून बसलेले मजूर आज हयात नसते. शिवाय गॅमा किरण बियाण्यातून आरपार गेले तरी बी त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. किरण अंगावर पडणे आणि किरणोत्सारी धूळ अंगाला चिकटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेर्नोबिलला दुसरी घडली होती. सांधे तपासण्याच्या कामात गोळी धातूच्या सीलबंद वेष्टनात असते आणि काम संपले की पेटीसकट निघून जाते.

थोडे विषयांतर वाटेल, पण सांगतो. आपल्याकडे कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडदाची होते. महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पेरला गेलेला टीएयू-१ हा उडदाचा वाण भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून १९८५ मध्ये दिला; त्याच्या जनकांपैकी एक वाण किरणांच्या साहाय्याने घडवलेला होता. तो उडीद खानदेशाने बिनधास्त खाल्ला आहे. ‘रेडिएशन’ हा एकच शब्द आपण मोबाइल टॉवरला, एक्स-रेला, अणुभट्टीला आणि या उडदाला सारखाच लावतो, आणि मग भीतीला सीमा राहत नाही. टॉवरच्या लहरी आणि इरिडियमचे किरण यांत ऊर्जेचा प्रचंड फरक आहे, हे आठवीच्या मुलाला समजावता येते. ते काम कोणीतरी करायला हवे होते.

मग मला संशय कशाचा आहे? चपटी झाडे मी मोजली ती ११ होती, आणि ती सर्व बांधाच्या मक्याच्या शेताकडील अंगाला होती. चराच्या पलीकडे कुर्डू तितकीच दाट होती, तिथे एकही नाही. अर्ध्या किलोमीटरवर, पाइपलाइनपासून दूर, मक्याच्याच दुसऱ्या एका तुकड्याशेजारी आणखी २ सापडली. मक्यातले तण मारायला टू-फोर-डी हे वाढीच्या संप्रेरकासारखे काम करणारे तणनाशक फवारतात. ते वाऱ्याने उडून कापसावर गेले की कापसाची पाने भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, आणि त्या मक्याला लागून असलेल्या कापसाच्या चार ओळींत यंदा तशीच पाने होती. हा पुरावा आहे असे मी म्हणत नाही, दिशा आहे. चित्रणातले तिळाचे झाड म्हणजे तुडतुड्यांमार्फत पसरणारा पर्णगुच्छ रोग, आणि करंजावरचे फोड म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांनी केलेल्या गाठी. या दोन्हींत गूढ काहीच नव्हते. आपण कृषी विभागातल्या एखाद्या माणसाला फोन केला असता तर अर्ध्या तासात निम्मी भीती ओसरली असती.

असे असूनही गावाने विचारलेला प्रश्न चुकीचा होता असे मी मानत नाही. किरणोत्सारी गोळ्या हरवतात. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात विकल्या गेलेल्या एका जुन्या यंत्रातला कोबाल्ट-६० कामगारांच्या हाती लागला, काही जण गंभीर आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. १९९९ मध्ये पेरू देशातील यानांगो येथे पेटीतून निसटलेली इरिडियमची गोळी एका वेल्डरने उचलून खिशात टाकली, आणि त्याला पाय गमवावा लागला. तो वेल्डर याच प्रकारच्या पेटीजवळ काम करत होता. आमच्या शिवारात असे काही घडले असण्याची शक्यता अगदी थोडी आहे. पण ‘अगदी थोडी’ या शब्दांची जागा मीटरवरच्या आकड्याने घ्यावी, एवढेच गाव मागत होते. इरिडियम-१९२ ची तीव्रता साधारण ७४ दिवसांत निम्मी होते. मार्चच्या मध्यावर काही पडले असते तर सप्टेंबरअखेर त्याचा सहावा हिस्सा उरला असता, आणि आज, नोव्हेंबरात, दहावा. पुढच्या मार्चपर्यंत शोधण्यासारखे फारसे राहणार नाही. आपला विलंब या बाबतीत निव्वळ कार्यालयीन विलंब नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार फवारणीची. आपली माणसे आली, दहा मिनिटे थांबली, एकही झाड मुळासकट उपटून घेतले नाही, माती घेतली नाही, छायाचित्रापुढे मोजपट्टी धरली नाही, आणि पाठीवरच्या पंपाने बांध फवारून गेली. कोणते औषध फवारले हे विचारले असता ‘तणाचे’ एवढेच उत्तर मिळाले. याचा परिणाम काय झाला तो पाहा. किरणांचा संशय होता तर झाडे आणि माती तपासायला हवी होती, ती गेली. तणनाशकाचा संशय होता तर त्याचे अंश शोधायला हवे होते. आता त्या बांधावर तणनाशक सापडले तर ते शेतकऱ्याचे की आपले, हे सांगता येणार नाही. रोगजंतूंची तपासणी करायला जिवंत पेशी लागल्या असत्या. एका फवारणीत तिन्ही वाटा बंद झाल्या. ज्यांना वाटत होते की काहीतरी लपवले जात आहे, त्यांच्या हाती मात्र आयता पुरावा पडला.

दुसरी तक्रार बाजाराची. बंदीचा लेखी आदेश कोणी दाखवला नाही, कोणत्या भाज्या आणि किती दिवस हेही सांगितले नाही. कुर्डूची भाजी आषाढात, झाड कोवळे असताना खातात. तुरा आल्यावर तिला कोणी हात लावत नाही. म्हणजे बंदी घातली तेव्हा ज्या भाजीची धास्ती होती ती बाजारात नव्हतीच. बाजारात कटुर्ली होती, अंबाडी होती, आणि ती पाइपलाइनपासून कोसभर नव्हे, चांगली चार-पाच कोस वर, डोंगरातून आलेली होती. दरवर्षी ऑगस्टमध्ये कृषी विभागातर्फे जागोजागी रानभाजी महोत्सव भरतात. मंडप असतो, फीत कापतात, भाज्यांसमोर नावांच्या पाट्या असतात. त्याच भाज्या सहा आठवड्यांनी संशयास्पद ठरतात आणि त्या विकणाऱ्या भिल्ल-पावरा बायकांना पोत्यासकट उठवले जाते, तेव्हा त्यांनी काय समजावे? बंदी पुढच्या दोन बाजारांनंतर आपोआप विरली. विरली म्हणजे मागे घेतली गेली नाही, आणि गिऱ्हाइकाच्या मनातून तर अजूनही गेलेली नाही.

तिसरी तक्रार अशी की या सगळ्यात कोणीही काहीही मोजले नाही. ‘घाबरण्याचे कारण नाही’ हे आपले निवेदन मी तीनदा वाचले. त्यात एकही आकडा नाही. नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वत्र असतो. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या (माणसाच्या शरीरावरील परिणाम धरून केलेल्या मापाच्या) आसपास आहे, केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे ती पुष्कळ अधिक भरते, आणि आपल्या काळ्या बेसाल्टच्या प्रदेशात खडकातून येणारा वाटा देशात कमीत कमी गणला जातो. माणसाने निर्माण केलेल्या स्रोतांपासून सामान्य नागरिकाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मिळू नये अशी मर्यादा आहे. या आकड्यांच्या शेजारी आमच्या बांधाचा एक आकडा लिहायचा होता. त्यासाठी हातात मावणारे यंत्र आणि एक सकाळ पुरली असती.

चौथी तक्रार माहितीची. किरणोत्सारी स्रोत वापरणाऱ्या संस्थेला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, कामगारांच्या अंगावर मात्रा नोंदवणारा बिल्ला लागतो, कामाच्या जागी सर्व्हे मीटर लागतो. त्यामुळे कोणत्या रात्री, कुठल्या सांध्याजवळ, किती तीव्रतेचा स्रोत वापरला आणि तो सुखरूप परत पेटीत गेला की नाही, याची नोंद कुठेतरी असणारच. ती आपण मागवली का, हे मला ठाऊक नाही, कारण आपण उत्तर दिले नाही.

एक लहान गोष्ट राहून जाते. ज्या शेतकऱ्याचा कापूस चिरला त्याची पाहणीही याच गोंधळात राहिली. त्याला तोंडी सांगण्यात आले की हे ‘त्या रेडिएशनच्या’ प्रकरणातले आहे, वरून आदेश आल्यावर बघू. वरून काही आले नाही. कापूस वेचून झाला.

माझ्या आणि या पत्राशी सहमत असलेल्या गावकऱ्यांच्या मागण्या अशा आहेत.

पाइपलाइनच्या आमच्या शिवारातील संपूर्ण लांबीवर आणि तुलनेसाठी दूरच्या किमान दोन ठिकाणी प्रशिक्षित माणसाकडून किरणोत्सर्गाची मोजणी करून घ्यावी. ती गावकऱ्यांसमोर व्हावी आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा. वर सांगितलेल्या कारणामुळे हे याच महिन्यात व्हावे.

सांध्यांच्या तपासणीच्या नोंदी संबंधित संस्थेकडून मागवून त्यांची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी, आणि स्रोत परत गेल्याची खात्री लेखी कळवावी.

रानभाजीवरील तोंडी बंदी लेखी स्वरूपात मागे घ्यावी. पुढच्या बाजारी तशी दवंडी द्यावी, आणि ती पाड्यांवरही पोचवावी. ज्या बायकांचा माल त्या दिवशी वाया गेला त्यांची भरपाई ठरवावी. रक्कम मोठी नाही, आणि ती मागायला त्या आपल्या दारी येणार नाहीत, म्हणून मी इथे लिहितो.

फवारलेल्या औषधाचे नाव आणि प्रमाण कळवावे. चिरलेल्या कापसाचा पंचनामा आता होणार नाही हे मला कळते. निदान शेतकऱ्याचा अर्ज स्वतंत्रपणे निकाली काढावा.

यापुढे रानात किंवा शेतात असे विकृत झाड आढळल्याची खबर आली तर नष्ट करण्याआधी नमुना घेण्याची सक्ती असावी. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कायद्याने असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. अशा झाडांची नोंद त्याच वहीत करता येईल. जवळच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे विभाग नमुने जपायला आनंदाने तयार होतील. त्यांना विचारले जात नाही, एवढेच.

आणि जिथे पिवळी पाटी लागणार आहे तिथल्या शाळेत, काम सुरू होण्यापूर्वी, तीन पात्यांच्या चिन्हाचा अर्थ समजावून सांगावा. दोरीच्या आत जायचे नाही, जमिनीवर पडलेली चकचकीत धातूची गोळी उचलायची नाही, एवढे जरी मुलांना कळले तरी चालेल.

फवारणीच्या आदल्या दिवशी मी त्या ११ झाडांपैकी तिघांचे नमुने दाबून ठेवले होते, आणि दोन झाडांचे पिकलेले बी काचेच्या बाटलीत भरून ठेवले आहे. बारीक, काळे, चमकदार बी आहे; बाटलीवर तारीख, बांध आणि शेताचा गट क्रमांक लिहिला आहे. तपासणीसाठी नमुने हवे असतील तर पोच देऊन न्यावेत. बियाण्यातले निम्मे मी जूनच्या पहिल्या पावसानंतर कुंड्यांत पेरणार आहे आणि शेजारच्या कुंड्यांत साध्या कुर्डूचे. तुरे यायला भाद्रपद उजाडेल. आपल्यापैकी कोणाला पाहायला यायचे असेल तर सकाळी आठच्या आत यावे, नंतर मी बांधावर असतो.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक